पारखून घेतलेली श्रद्धा

प्रस्तावना

बायबलच्या जुन्या करारात एका पितळी सापाची गोष्ट दोन ठिकाणी येते आणि त्या दोन ठिकाणांमध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. पहिल्यांदा तो साप गणनाच्या पुस्तकात भेटतो. रानातून वाटचाल करताना विषारी सापांच्या दंशाने लोक मरू लागले, तेव्हा देवाच्याच आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप घडवून खांबावर चढवला. त्याच्याकडे पाहणारा माणूस वाचत असे. दुसऱ्यांदा तो राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात भेटतो. आता यरुशलेमेत हिज्कीया राज्य करतो आहे आणि लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले आहेत. हिज्कीयाने तो साप फोडून टाकला. पवित्र शास्त्र त्याला त्याबद्दल दोष देत नाही, उलट नावाजते.

देवाच्या आज्ञेने घडलेली, मोशेच्या हातची, जीव वाचवणारी वस्तू फोडणे हेच एका काळी धर्मकृत्य ठरले. या पुस्तकाला जे सांगायचे आहे त्याचे बीज इथे आहे. अंधश्रद्धा बाहेरून येते, शेजारच्या धर्मातून, पूर्वजांच्या रूढींतून किंवा अडाणीपणातून येते, अशी आपली समजूत असते. पण पुष्कळदा ती आपल्याच घरात, चांगल्या आणि पवित्र गोष्टींच्या पोटी जन्माला येते. म्हणून ती निवडून बाजूला काढण्याचे काम बाहेरच्या टीकाकारावर सोडून चालत नाही. ते श्रद्धावंतानेच करायचे असते आणि प्रत्येक पिढीला ते नव्याने करावे लागते.

फरक ओळखण्याची कसोटीही शास्त्रातच सापडते. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाचा एक जादूगार आहे. प्रेषितांनी हात ठेवले की पवित्र आत्मा मिळतो हे पाहून तो पैसे पुढे करतो आणि ती शक्ती विकत मागतो. पेत्र त्याला खडसावतो. पुढे इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढायला जातात. येशूच्या मागे चालण्याची त्यांची इच्छा नसते, त्यांना हवे असते फक्त नावातले सामर्थ्य. शेवटी मार खाऊन, अंगावरचे कपडे गमावून त्यांना पळ काढावा लागतो. हे ऐकून त्या शहरातल्या कितीतरी नवख्रिस्ती माणसांनी आपली जादूटोण्याची पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असा हिशेबही लूकने नोंदवून ठेवला आहे.

या दोन्ही प्रसंगांत हवे असलेले सामर्थ्य खरे आहे, चुकली आहे ती वृत्ती. श्रद्धेत माणूस स्वतःला देवाच्या हाती देतो, अंधश्रद्धेत तो देवालाच हाती धरू पाहतो. नऊ दिवसांची नोव्हेना ही प्रार्थना आहे. पण मधला एक दिवस चुकला आणि आता सगळे फुकट गेले, अशी धास्ती वाटू लागली की तिचा व्यवहार होतो. दारावरचा क्रूस ही घराने दिलेली साक्ष आहे. दृष्ट लागू नये म्हणून टांगला की तोच क्रूस तावीत ठरतो. अमुक संताची प्रार्थना तेरा जणांना पाठवा, नाहीतर संकट ओढवेल, असे संदेश मोबाइलवरून फिरतात. त्यात संताचे नाव असते, चित्र असते, पण चालना असते ती भीतीची. वस्तू तीच, शब्द तेच, आणि तरी एका माणसाच्या हातात ती श्रद्धा असते व दुसऱ्याच्या हातात अंधश्रद्धा. त्यामुळे कोणत्या प्रथा चांगल्या आणि कोणत्या वाईट याची यादी करून हा प्रश्न सुटत नाही. आपण ती गोष्ट कशासाठी करतो, हे प्रत्येकाला स्वतःलाच विचारावे लागते.

अंधश्रद्धेचे आणखी एक लक्षण असे, की प्रत्येक दुःखाचे कारण तिच्याकडे तयार असते. जन्मांध माणूस दिसताच शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती ही समजूतही तो स्पष्ट शब्दांत नाकारतो. ईयोबाचे अख्खे पुस्तक याच समजुतीविरुद्ध उभे आहे. आणि तरीही आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे सांगणारी माणसे आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. कर्करोगाने आधीच खचलेल्या बाईवर अपराधाचे ओझे टाकणाऱ्याला आपण शास्त्राच्या बाजूने बोलतो असे वाटत असते. त्या शास्त्रातच पौल आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडून पुढे जातो आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. या दोघांचा विश्वास कमी होता असे तो कुठेही म्हणत नाही. त्याचा सोबती लूक तर वैद्य होता.

इथे चोखंदळ वाचक एक प्रश्न विचारील आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बायबलमध्येही वस्तूंमुळे माणसे बरी होतात, त्याचे काय? रक्तस्रावाने पीडलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावते. पेत्राची सावली पडावी म्हणून रोग्यांना रस्त्यावर आणून ठेवतात. पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल आजाऱ्यांकडे नेतात. या नोंदी आहेत आणि त्या झाकायचे कारण नाही. मात्र त्या बाईच्या बाबतीत पुढे काय झाले तेही वाचले पाहिजे. ती गुपचूप बरी होऊन निघून गेली असती तर तिच्यापुरते वस्त्रच तारणारे ठरले असते. येशू गर्दीत थांबतो, तिला पुढे बोलावतो, तिचे सगळे ऐकून घेतो, तिला मुलगी म्हणतो आणि तुझ्या विश्वासाने तू बरी झालीस असे सांगतो. तो तिला वस्त्रापासून स्वतःपर्यंत आणतो. ख्रिस्ती परंपरेतल्या प्रत्येक पवित्र वस्तूला हीच कसोटी लागू पडते. ती माणसाला ख्रिस्तापर्यंत पोहोचवते, की आपल्यापाशीच अडकवून ठेवते?

याहून कठीण प्रश्न बुद्धिवादी मित्र विचारतात. मेलेला माणूस उठला असे मानणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या अंधश्रद्धा काय काढाव्यात? या प्रश्नावर रागावण्यात अर्थ नाही. पौलाने स्वतःच तो करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात उभा केला आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आहे आणि आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्यांनी उठलेल्या ख्रिस्ताला पाहिले त्यांची नावे तो देतो, पाचशेहून अधिक जणांचा उल्लेख करतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत हेही सांगतो. म्हणजे जा आणि विचारा. पुनरुत्थान प्रयोगशाळेत सिद्ध होणार नाही. ते साक्षीवर उभे आहे आणि साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय प्रत्येकाने घ्यायचा आहे. पण हे खरे नसेल तर आमचे सगळे व्यर्थ आहे, असे म्हणण्याची तयारी पहिल्या पिढीपासून या श्रद्धेत आहे. जी श्रद्धा स्वतःला सत्यासाठी पणाला लावते, तिच्या अनुयायांनी चौकशीला भिणे तिला शोभत नाही.

चर्चच्या इतिहासात ही तयारी नेहमी दिसली असे मात्र नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकिणी ठरवून मारलेल्यांची संख्या चाळीस ते साठ हजार असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. हे कॅथलिक प्रदेशांत झाले तसेच प्रोटेस्टंट प्रदेशांतही झाले. न्यायाधीश ख्रिस्ती होते, धर्मगुरू हजर होते आणि शास्त्रवचनांचे आधार दिले जात होते. या पापाची कबुली न देता अंधश्रद्धेवर बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

त्याच इतिहासात, त्याच चर्चमधून, त्याविरुद्ध उभी राहिलेली माणसेही आहेत आणि ती आपल्या मंडळ्यांना फारशी ठाऊक नाहीत. नवव्या शतकात फ्रान्समधल्या लियाँ शहरी आगोबार्द नावाचा बिशप होता. ढगांतून जहाजे येतात, वादळे उठवणारे मांत्रिक गारपिटीत झोडपलेले पीक त्या जहाजांतल्या लोकांना विकतात, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. त्या जहाजांतून पडलेले म्हणून तीन पुरुष आणि एक स्त्री लोकांनी बांधून आणली आणि लोक त्यांना दगडमार करायला निघाले. आगोबार्दने लोकांशी वाद घालून त्या चौघांना वाचवले आणि या समजुतीविरुद्ध एक ग्रंथही लिहिला. पुढे स्पेनमध्ये १६१० साली लोग्रोन्यो येथे चेटकाच्या आरोपावरून माणसे जाळली गेली. त्या न्यायासनावर बसलेला एक धर्मन्यायाधीश आलोन्सो दे सालाझार फ्रियास याला शंका आली. त्याने बास्क प्रदेशात फिरून सुमारे अठराशे लोकांच्या जबान्या तपासल्या. त्यांत बहुतेक मुलेच होती. लोकांनी दाखवलेली मलमे आणि भुकट्या त्याने तपासून घेतल्या, तर त्या निरुपद्रवी निघाल्या. चेटकाची चर्चा सुरू होण्याआधी तिथे चेटूक नव्हतेच, या निष्कर्षाला तो आला. १६१४ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने नवे, कडक नियम केले आणि तिथे चेटकिणींच्या होळ्या जवळपास थांबल्या. जर्मनीत फ्रीडरिश श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ मध्ये नाव न घालता एक ग्रंथ छापला. यातना दिल्या तर कोणीही काहीही कबूल करील, म्हणून असल्या कबुलीजबाबांना पुरावा मानू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. हे तिघेही श्रद्धाहीन नव्हते. खोट्या साक्षीवर माणूस मारणे हा देवाचा अपमान आहे असे त्यांना वाटत होते, म्हणूनच ते शंका घेऊ शकले.

चमत्कारांच्या बाबतीतही चर्चने शंकेसाठी जागा राखून ठेवली आहे. संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी नेमण्याची पद्धत १५८७ पासून रूढ झाली. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ मध्ये ही कार्यपद्धती बदलली, तरी चमत्कार म्हणून पुढे आलेल्या आजारमुक्तीची तपासणी आजही आधी डॉक्टर करतात. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ मध्ये बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला मरियेचे दर्शन झाले असे मानले जाते. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याच्या हजारो नोंदी तिथे आल्या, त्यांतल्या चर्चने चमत्कार म्हणून स्वीकारलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. आजार गंभीर असावा, माणूस अचानक व पूर्ण बरा झालेला असावा, तो पुढेही बरा राहावा आणि उपचारांनी त्याचे स्पष्टीकरण होऊ नये, अशा अटी असतात. जिथे चमत्कारासाठीच लोक जातात, तिथे चर्च शेकडो वेळा ‘हा चमत्कार नव्हे’ असे सांगते, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून अधिक वेळा ऐकू आली पाहिजे.

तुरीनच्या कफनाची कथाही अशीच बोलकी आहे. येशूच्या देहावरचे वस्त्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण १३८९ मध्येच त्र्वा येथील बिशप प्येर दार्सी याने हे चित्रकाराचे काम असल्याचे पोपना कळवले होते. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झ्युरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या प्रयोगशाळांनी कार्बन पद्धतीने त्याचे वय काढले, ते १२६० ते १३९० या काळातले निघाले. त्यासाठी कापडाचा तुकडा कापून देण्याची परवानगी चर्चनेच दिली होती. वाद अजून संपलेला नाही, पण परवानगी देण्याची ती कृती श्रद्धेचीच होती. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने दर्शने व अद्भुत घटना यांविषयी नवी नियमावली काढली. तीत पैसा, सत्ता किंवा प्रसिद्धी यांचा हव्यास दिसला तर सावध व्हा, असे बजावले आहे.

आता आपल्या घरी येऊ. मराठी ख्रिस्ती परंपरेची उभारणीच प्रश्न विचारणाऱ्या माणसांनी केली आहे. पंडिता रमाबाईंच्या कुटुंबाने देवाची कृपा व्हावी म्हणून तीर्थे केली, उपवास केले, होते ते धन दानात घातले आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. देवाला विकत घेण्याची किंमत काय पडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी विचारणे थांबवले नाही. त्रैक्यापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला, तो साध्या बायकांना स्वतः वाचता यावे म्हणून. लक्ष्मीबाई टिळक सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेल्या घरात वाढल्या. जातिभेद माणसानेच केला आहे हे त्यांना आतून पटले, तेव्हा त्यांच्या वाटचालीला वळण मिळाले. विटाळाची कल्पना ही अंधश्रद्धाच आहे. बाप्तिस्मा घेऊनही लग्न ठरवताना किंवा कबरस्तानात जागा देताना जात विचारणारी माणसे आपल्यात असतील, तर त्यांनी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र पुन्हा वाचावे.

मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या वेलंकणी मातेच्या चर्चजवळ एका क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, प्रार्थना झाल्या, काहींनी ते पाणी तीर्थ म्हणून घेतले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी केली, तेव्हा जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळीतून भिंतीत झिरपलेले पाणी सूक्ष्म छिद्रांतून वर चढत असल्याचे त्यांनी दाखवले. त्यानंतर काही कॅथलिक संघटनांनी त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत केल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. सांडपाणी तीर्थ म्हणून पिणाऱ्या लेकरांना ज्याने सावध केले, त्याचे आभार मानायला आपण हवे होते. हे आपल्याला करता आले नाही, याची खंत हे पुस्तक लिहिण्यामागे आहे.

पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. हा कायदा कोणाची प्रार्थना, उपासना किंवा यात्रा थांबवत नाही. चमत्काराचा दावा करून फसवणूक करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचार न घेऊ देता मंत्रतंत्र करणे, अशा गोष्टी तो गुन्हा ठरवतो. तो सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. चंगाईच्या सभेत व्यासपीठावरून इन्सुलिन बंद करा म्हणणारा, फिट्स येणाऱ्या मुलाला भूत लागले म्हणून उपाशी ठेवणारा, अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्यांना भाव लावणारा, हे सगळे येशूचे नाव घेतात म्हणून त्यांना वेगळा न्याय मागता येणार नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, डोक्यावर हात ठेवावेत, तेल लावावे. औषध मात्र चालू ठेवावे.

हे सगळे लिहिताना एक काळजी सतत मनात राहिली. वांद्र्याच्या डोंगरावर मरियेच्या चर्चमध्ये सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे, घरे वाहणाऱ्यांची रांग लागते. त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदू आणि मुसलमानही असतात. मेणाचा पाय घेऊन उभी असलेली एखादी आई घरी पडून असलेल्या मुलासाठी आलेली असते. तिचा जिव्हाळा खरा आहे, तिचे दुःख खरे आहे आणि दुसऱ्या कुणाच्या दारी तिला इतक्या सहज उभे राहता येत नाही. तिची थट्टा करणारा सत्याची सेवा करत नाही. तिच्या शेजारी उभे राहावे, तिच्याबरोबर प्रार्थना करावी आणि मुलाला कोणत्या डॉक्टरकडे नेता येईल हेही सांगावे. रोष धरायचा तो तिच्या भीतीवर पैसा आणि अधिकार मिळवणाऱ्यांवर.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्या भागात जादू, मूर्तिपूजा आणि चिन्हे यांविषयी बायबल काय सांगते ते आहे. दुसऱ्यात चर्चच्या इतिहासातल्या अवशेषांच्या, दर्शनांच्या आणि चेटकाच्या खटल्यांच्या कथा आहेत. तिसऱ्यात आपल्या गावांतल्या आणि शहरांतल्या प्रथांचा विचार आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत. ते एकट्याने वाचण्यापेक्षा घरी, युवक मंडळात किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्याने वाचावेत, असा आग्रह आहे. मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. थोमाने पुरावा मागितला तेव्हा येशूने त्याला बाहेर घालवले नाही, जखमा दाखवल्या.

वाचकांना माझी काही मते पटणार नाहीत. कुणाला मी फार सैल वाटेन, कुणाला फार कडक. तसे वाटले तर मजकूर शास्त्राशी ताडून पाहावा, इतिहासाशी ताडून पाहावा आणि चूक आढळली तर ती दाखवावी. ज्या शिस्तीची अपेक्षा मी प्रत्येक चमत्काराच्या दाव्याकडून करतो, ती माझ्या लिखाणालाही लागू आहे. देव सत्य आहे असे आपण म्हणतो. हे मनापासून म्हणत असू, तर तपासाअंती जे खरे ठरेल ते त्याच्या विरोधात जाणार नाही, एवढी खात्री बाळगून आपण प्रत्येक प्रश्न मोकळेपणाने विचारू शकतो.